उलटी फणी

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं म्हणतात. आमचं घर तर बांधतानाच फिरलं. आणि ते स्लॅबचं, त्यामुळं वाशांवर ढकलायचीही सोय नाही.

खरं सांगायचंच ठरवलंय तर आधीच सांगून टाकते. मी उभा जन्म शेजारच्या घरावर जळले. शेजारचं घर म्हणजे माझ्या चुलत बहिणीचं. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणते, ती मला तंगी म्हणते. आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात असतं. तंगी म्हणजे धाकटी बहीण. अक्काच्या पाटल्यांचा, अक्काच्या नवऱ्याचा, तिच्या पोराच्या मार्कांचा मला कधी हेवा वाटला नाही. देवाशपथ. घराचा मात्र असा वाटला की काही विचारू नका.

माझे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे दोड्डप्पा, यांचं सोलापुरात शुक्रवार पेठेत सुताचं दुकान होतं. खाली सुताचे गठ्ठे, वर आम्ही सगळे, आणि जिन्यात कायम कुणीतरी अडकलेलं. मी पाच-सहा वर्षांची असताना दोघा भावांनी मिळून विजापूर रोडच्या बाजूला, तेव्हा जिथं नुसती काळी रानं होती तिथं, लागून-लागून दोन प्लॉट घेतले. खरेदीखत एक, उतारा एक. रस्ता उत्तरेला. पूर्वेचा प्लॉट थोरल्याचा, पश्चिमेचा धाकट्याचा. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दोड्डप्पांच्या डोक्यात कुठून काय खूळ शिरलं कोण जाणे. सुताच्या कामानिमित्त ते मुंबई-अहमदाबादला जायचे, तिथं कुणाचा तरी बंगला बघून आले असणार. त्यांनी मुंबईहून आर्किटेक्ट आणला. तेव्हा आमच्या गावात घर बांधायला मिस्त्री लागायचा. आर्किटेक्ट हा शब्दसुद्धा पेठेत कुणाला धड म्हणता यायचा नाही. जाड काळ्या चष्म्याचा तो तरुण माणूस चंदीगडला कुण्या परदेशी साहेबाच्या हाताखाली काम करून आलेला. आल्या आल्या तो चार दिवस प्लॉटवर नुसता बसून राहिला. सकाळी ऊन कुठून येतं, दुपारी कुठं सरकतं, वारा कुठल्या बाजूनं सुटतो, हे बघत. पेठेतली माणसं टांगा करून त्याला बघायला गेली. "पैशे घिऊन ऊन बघतंय म्हनं त्ये," ही चेष्टा दुकानात महिनाभर पुरली.

घर उभं राहिलं तेव्हा छप्पर सपाट. पेठेतल्या बायका म्हणाल्या, "अगंबाई, हे तर माळवदच की! यात नवीन ते काय?" माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. बायका बोलल्या ते काही खोटं नव्हतं. परदेशी साहेबाला जे सुचायला अर्धा जन्म गेला असेल, ते आमच्या भागात शेळ्या राखणाऱ्याच्याही डोक्यावर होतं.

पण बाकीचं बघून त्यांचीही तोंडं बंद झाली. पोर्चचं छप्पर एका अंगानं वर उचललेलं, दोन बारीक लोखंडी खांबांवर. बैठक आणि जेवणघर यांच्यामध्ये भिंतच नाही. आमची आजी म्हणाली, भिंत घालायची राहिलीय, सांगा त्याला. पायाखाली मोझॅक, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या खडीची, अशी गुळगुळीत की अनवाणी चालताना उगीच दोन फेऱ्या जास्त माराव्यात. बैठकीच्या पूर्वेला पूर्ण भिंतभर काच, बागेकडं उघडणारी. सकाळचं कोवळं ऊन घरात, आणि दहानंतर सावली. पश्चिमेला झोपायच्या खोल्या, आणि त्यांच्या खिडक्यांबाहेर सिमेंटच्या उभ्या पट्ट्या, शेजारी शेजारी, जराशा तिरक्या लावलेल्या. दुपारचं ऊन त्यांवर आपटायचं आणि वारा मात्र आत यायचा. आर्किटेक्टनं त्या पट्ट्यांना काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं होतं, ते त्याच्याबरोबरच मुंबईला परत गेलं. आमच्याकडची माणसं मागावर वाढलेली. मागाच्या फणीतून एकेक सूत जातं, तसं इथं एकेक ऊन जायचं. लोकांनी तिला फणी म्हटलं आणि घराला फणीचा बंगला. पुढं रिक्षावाल्यांनाही तेच नाव ठाऊक झालं.

आता आमचं घर. वडिलांचं म्हणणं, दोन सख्ख्या भावांची घरं, मग फी दोनदा कशाला? त्यांनी थोरल्या भावाकडं नकाशा मागितला. दोड्डप्पा दिलदार माणूस, "घे की, त्यात काय," म्हणून त्यांनी आर्किटेक्टचा मूळ ट्रेसिंग पेपरच काढून दिला. ट्रेसिंग पेपर म्हणजे आरपार दिसणारा कागद. सुलटा धरा, उलटा धरा, रेघा त्याच. सुलटा कुठला हे कळायचं ते अक्षरांवरून, आणि अक्षरं होती इंग्रजी. आमचा मिस्त्री तेलुगू वाचायचा, वडील मराठी आणि कानडी. मिस्त्रीनं कागद फळीवर खिळ्यांनी ठोकला. उत्तरेचा बाण रस्त्याकडं तोंड करून आहे ना, एवढं बघितलं. होता. बाणाच्या डोक्यावरचं इंग्रजी अक्षर उलटं होतं हे त्या दोघांना काय कळणार, कप्पाळ! त्यांना इंग्रजी सुलटं काय न उलटं काय, सारखंच.

जोतं वर आलं तेव्हा दोड्डप्पा बघायला आले. मी वाळूच्या ढिगावर बसले होते, म्हणून मला सगळं आठवतं. ते जोत्यावरून चालत एका टोकाला गेले, तिथं थांबले, डोळ्यांवर हात धरून सूर्याकडं बघितलं.

"तम्मा," ते म्हणाले. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. "काच पश्चिमेला चालली की रे. आणि फणी पूर्वेला. कागद उलटा लागलाय."

मिस्त्री हजरजबाबी. तो लगेच म्हणाला, "जोडीचं घर हाय मालक. नवरा-नवरीवानी समोरासमोर पायजे."

तेव्हा वडिलांनी नुसतं "अरेच्चा!" म्हटलं असतं तरी भागलं असतं. जोतंच तर होतं. आठ-दहा दिवसांचं काम वाया गेलं असतं, एवढंच. पण थोरल्या भावासमोर, मिस्त्रीसमोर, पोरीसमोर चूक कबूल करायची? वडिलांनी कंबरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "मुद्दामच केलंय. मला मावळतीचं ऊन आवडतं."

ज्यानं सोलापुरातला मे महिना बघितलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. दुपारी दोनपासून ऊन त्या काचेतून घरात शिरायचं ते सातला बाहेर पडायचं. मोझॅकवर पाय ठेवला की चटका. आईनं पहिल्याच उन्हाळ्यात काचेवर चादरी टांगल्या, भिजवून. चादरींना आमच्याकडं काय तोटा! तासाभरात त्या कडकडीत वाळायच्या, आई परत भिजवायची. आणि वडील? वडील रोज संध्याकाळी पाचला दुकानातून येऊन, चादर बाजूला सारून, वेताच्या खुर्चीत त्या उन्हाकडं तोंड करून बसायचे. घामानं बंडी भिजायची, डोळे बारीक व्हायचे, पण माणूस हलायचा नाही. दोड्डप्पा फाटकातून हाक मारायचे, "काय तम्मा, काय चाललंय?" वडील म्हणायचे, "ऊन घेतोय." अशी वर्षानुवर्षं त्यांनी ऊन घेतलं. काचेच्या जागी विटांची भिंत घाला म्हणून आई सांगून थकली. भिंत घातली असती तर भावाला दिसली असती ना.

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात ते हे. मला त्यांच्याकडून वारशात काय मिळालं हे तुमच्या ध्यानात आलं असेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी मी अक्काकडं जायची. तिच्या खोलीत आम्ही दोघी गार फरशीवर पालथ्या पडून राहायचो. तीन वाजले की फणीतून उन्हाच्या बारीक रेघा फरशीवर यायच्या आणि हळूहळू सरकायच्या. अक्का म्हणायची, ही रेघ तुझी, ती माझी, बघू कुणाची आधी पलंगापर्यंत जाते. वारा यायचा, फरशी पोटाला गार लागायची, आणि मला रडू यायचं. खरंच रडू यायचं. घरी जाऊन आईच्या ओल्या चादरींचा वास घ्यायचा आहे, हे तिथं पडल्या पडल्याच आठवायचं. मग मी उठायची आणि म्हणायची, "तुमच्याकडं किती अंधार असतो गं." एकदा तर कंपासच्या टोकानं पलंगाखालच्या फरशीवर चरा काढला. अक्काला तो दिसला असणार. तिनं कुणाला सांगितलं नाही, याचाही मला राग आला.

आणि ती बेल! फणीचा बंगला बघायला माणसं यायची. इंजिनिअर यायचे, गिरणीतले साहेब यायचे, नवीन घर बांधायला काढलेले व्यापारी बायकांना घेऊन यायचे. निम्मी माणसं आमच्या दारात यायची, कारण रस्त्यावरून आधी आमचं घर लागतं. "फणीचा बंगला हाच का?" त्यांनाही बिचाऱ्यांना पोर्च दिसायचा, फणी दिसायची, सगळं तेच. मी दार उघडून सांगायची, "शेजारी." शाळेतून आले की "शेजारी", पाहुणे असले की "शेजारी". माझं लग्न सोलापुरातच झालं. वडील गेल्यावर मी एकुलती एक मुलगी म्हणून नवऱ्याला घेऊन याच घरात राहायला आले, तरी तेच. दुधाचं पातेलं हातात घेऊन "शेजारी". माझ्या तोंडून तो शब्द जेवढा गेलाय तेवढं देवाचं नावही गेलं नसेल.

बघून गेलेली माणसं आपापल्या घरी तसलंच काहीतरी करायची. आधी आमच्या कॉलनीत तिरके पोर्च उगवले, मग होटगी रोडला, मग अक्कलकोट रोडला एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांच्या बंगल्यांना. नवऱ्याच्या एका नातेवाइकानं नातेपुत्याला घर बांधलं, तर तिथंही वास्तुशांतीला गेल्यावर बघते तो पोर्च एका अंगानं वर! विचारलं, हे असं का केलंत? "आसंच आसतंय की बंगल्याला," म्हणाले. आता तर नवीन रो-हाऊस बघा. समोर उभ्या पट्ट्या हव्यातच, पत्र्याच्या नाहीतर प्लास्टिकच्या, लाकडाचा रंग दिलेल्या. त्यांच्यामागं खिडकीच नसते. बिल्डर त्याला एलिव्हेशन म्हणतात. ज्या माणसानं चार दिवस बसून ऊन बघितलं त्याची ही पतवंडं, आणि एकालाही सूर्य कुठल्या बाजूला मावळतो ते ठाऊक नाही. पण मला बोलायला जागा कुठाय? या सगळ्या नकलांमधली पहिली नक्कल आमची, आणि सगळ्यांत चुकीचीही आमचीच.

म्हणून मी अक्काच्या घराला कधी चांगलं म्हटलं नाही. नावं मात्र ठेवली. पोर्च गळतो म्हणाले, भिंत नाही म्हणून फोडणीचा धूर बैठकीत येतो म्हणाले, फणीत पारवे घाण करतात म्हणाले. अक्का ऐकून घ्यायची. "तुलाच बरं हे सगळं दिसतंय बघ," एवढंच म्हणायची.

दोड्डप्पांमागं अक्काचा संसार त्याच घरात होता. मग तीन वर्षांपूर्वी अक्काचे यजमान गेले. मुलगा पुण्याला. तो म्हणायला लागला, एकटी कशाला राहतेस, इकडं ये, जागा बिल्डरला देऊ. अक्का वर्षभर नुसती "बघू" म्हणत राहिली. शेवटी एक दिवस सकाळी ती मधल्या फाटकातून कागद घेऊन आली. दोन्ही प्लॉट एका उताऱ्यावर, त्यामुळं तिचं घर पाडायला माझी ना हरकत लागत होती.

माझे हे बँकेतून रिटायर झालेले, कागद दिसला की वाचल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांनी वाचला आणि माझ्यापुढं ठेवला. मी पेन घेतलं.

"थांब," अक्का म्हणाली. "सही करायच्या आधी एक सांग. पाडू का नको?"

"मला काय विचारतीस? तुझं घर."

"तुलाच विचारायलीय. या घराला माझ्याइतकं तूच बघितलंयस. तू नको म्हणालीस तर मी पोराला सांगीन, तंगी सही करत नाही म्हणून. विषय संपला."

आजही ते वाक्य जसंच्या तसं कानात आहे. तिला सबब हवी होती. माझ्या एका शब्दावर ते घर उभं होतं, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण त्याच वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. मनात आलं, मूळ घर गेलं की आमचं घर नक्कल राहणार नाही. कशाची नक्कल? बाजूला काही असेल तर ना! फणीचा बंगला एकच उरेल. मग बेल वाजेल आणि मला शेजारी म्हणावं लागणार नाही.

"पाड की," मी म्हणाले. "जुनं झालंय. कशाला अडकून बसतीस?"

अक्कानं विचारलं, "तुला एकदाबी आवडलं नाही का गं ते घर?"

"घरासारखं घर. त्यात काय एवढं?"

"बरं," ती म्हणाली. मी सही केली. माझी काही हरकत नाही, असं लिहून दिलं.

घर पाडायला नऊ दिवस लागले. जुनं काम, सहजासहजी तुटेना. मी त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, पण आवाज यायचाच. सगळ्यांत शेवटी त्यांनी दोन घरांच्या मधला कडुलिंब तोडला. तो दोड्डप्पांनी लावलेला, आमच्या लहानपणी कमरेएवढा होता. आधी अक्काच्या घराचा आडोसा आणि नंतर हा लिंब एवढा पसरला, की आमच्या पूर्वेच्या खोल्यांना सकाळचं ऊनच कधी मिळालं नाही.

लिंब गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणाच्या घड्या करत होते. फरशीवर बघते तर उन्हाच्या रेघा. बारीक, सरळ, एकीशेजारी एक. आमच्या फणीतून आलेल्या. इतकी वर्षं ती फणी सावलीत नुसती उभी होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यातून ऊन आलं. जे मला सहाव्या वर्षापासून हवं होतं ते बरोब्बर माझ्या पायाशी पडलेलं होतं. माझे हे चहाचा कप घेऊन दारात आले, म्हणाले, "वा! फणी कामाला लागली म्हणायची." मी त्यांना म्हटलं, जरा गप बसता का. पलंगाच्या कडेला बसून मी त्या रेघा सरकताना बघितल्या. ही तुझी, ती माझी म्हणायला कुणी नव्हतं. मी सरळ तोंडाला पदर लावला.

तरी खोड जाते का? महिन्याभरानं बेल वाजली. पुण्याच्या कॉलेजात आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी, पाठीवर सॅक, गळ्यात कॅमेरा. जुन्या काळच्या बंगल्यांवर प्रबंध लिहितेय म्हणाली. "काकू, फणीचा बंगला हाच ना?"

"हो," मी म्हणाले. "हाच."

आतल्या खोलीत ह्यांचा पेपर खाली झाला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि पेपर परत वर केला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी तिला पोर्च दाखवला, फणी दाखवली, मोझॅक पुसून दाखवली. चंदीगडचं सांगितलं, चार दिवस ऊन बघत बसल्याचं सांगितलं. जणू तो माणूस आमच्यासाठीच बसला होता. मुलगी टेप लावून मापं घेत होती, फोटो काढत होती. सगळं बघून होईपर्यंत चार वाजले. आम्ही बैठकीत बसलो. काचेवर आता हिरवी नेट असते, तरी तिच्या ओठावर घाम आला होता.

"काकू, एक विचारू? राग मानू नका," ती म्हणाली. "मला नेमकं हेच उदाहरण हवं होतं. म्हणजे, त्या काळच्या आर्किटेक्टनी बाहेरचं डिझाईन उचलून आणलं, इथल्या उन्हाचा विचारच केला नाही, असं मी मांडतेय. बघा ना, सोलापूरसारख्या गावात पश्चिमेला सगळी काच! आणि ऊन अडवणाऱ्या पट्ट्या पूर्वेला, जिथं गरजच नाही. चार दिवस बसून त्यांनी नक्की बघितलं काय, असं वाटतं."

ती हसली. मुलगी चांगली होती, कुणाला दुखवायला बोलत नव्हती. तिला दिसलं ते ती बोलली.

"आम्हाला मावळतीचं ऊन आवडतं," मी म्हणाले.

बोलून गेले आणि माझं मलाच दचकायला झालं. तो आवाज वडिलांचा होता. तसाच कंबरेवर हात ठेवलेला. समोरच त्यांची वेताची खुर्ची होती. मला वाटलं, गप बसावं. या पोरीचा प्रबंध कोण वाचणार? पण आता ते घर उभं राहताना बघितलेलं माणूस मोजायला गेलं तर अक्का आणि मी. अक्का पुण्यात. मी इथं, आणि मी तर खोटं बोलतेय. माझ्या घरावरून ही पोर त्या घराला मूर्ख ठरवणार, आणि तसं छापून ठेवणार. इतकी वर्षं त्या घराला मी नावं ठेवली, पण खोटी ठेवली हे मला माहीत होतं. हिनं ठेवलेलं नाव मात्र खरं म्हणून राहणार.

मी उठले. आतल्या खोलीतली लोखंडी ट्रंक ओढली, वरच्या चादरी काढल्या. तळाशी वडिलांनी गुंडाळून ठेवलेला ट्रेसिंग पेपर होता, पिवळा पडलेला, चारी कोपऱ्यांत खिळ्यांची भोकं. त्यांनी तो भावाला परत का दिला नाही, आणि फाडून का टाकला नाही, हे त्यांनाच ठाऊक. मी काचेवरची नेट बाजूला केली आणि उन्हात कागद काचेवर धरला.

"वाच."

तिनं वाचायचा प्रयत्न केला. "अक्षरं उलटी आहेत, काकू."

"आमच्या मिस्त्रीनं असाच लावला होता." मी कागद फिरवला. "आता वाच."

तिनं वाचलं. बाण बघितला. बोटानं काच कुठल्या भिंतीला आहे ते बघितलं, मग फणी बघितली. एकदा कागदाकडं, एकदा आमच्या बैठकीकडं, असं तिचं चाललं होतं. मला तिचा चेहरा बघवेना.

"म्हणजे हे घर उलटं आहे?"

"व्हय. उलटं आहे. त्या माणसाची काही चूक नव्हती. त्यानं सगळं बरोब्बर बघितलं होतं."

"मग सुलटं कुठंय?"

"शेजारी," मी म्हणाले.

इतकी वर्षं म्हणत आलेला शब्द, आपोआप तोंडातून गेला. मुलगी लगबगीनं पूर्वेच्या खोलीत गेली, फणीतून बाहेर बघितलं. बाहेर पार्किंगसाठी खड्डा खणत होते. मग परत येऊन तिनं टेप सॅकमध्ये ठेवली.

ती गेल्यावर मी अक्काला फोन लावला. उशीर झाला की हिंमत राहणार नाही, म्हणून चपला घालून कुठंतरी निघाल्यासारखी उभ्या उभ्याच बोलले. मुलगी आली होती, असं असं झालं, सगळं भडाभडा सांगितलं. बेलचं सांगितलं, फरशीवरच्या चऱ्याचंही सांगितलं.

"अक्का, तुझं घर लई चांगलं होतं गं," मी म्हणाले. "मला लहानपणापासून आवडायचं. आपल्या सबंध गावात तसलं घर नव्हतं."

पलीकडं टीव्हीचा आवाज येत होता. तो कुणीतरी बारीक केला.

"आत्ता सांगतीस व्हय गं, तंगी?" अक्का म्हणाली.